एन-९५ सगळीकडे चालत नाही

एकांनी लिहिलंय की एक एन-९५ मास्क घरात असला की रंगकामापासून आजारपणापर्यंत सगळ्याला पुरतो. धुळीपुरतं ठीक, रंगकामाला मुळीच नाही. एन-९५ हवेतले कण अडवतो; थिनर, ऑइल पेंट, पॉलिश यांची वाफ त्यातून सरळ आत जाते. त्यासाठी सेंद्रिय वाफेचं, वाफ शोषून घेणारा सक्रिय कोळसा भरलेलं कार्ट्रिज (बदलता येणारी गाळणीची डबी) बसवलेला रबरी मास्क घ्या. खिडक्या तरीही उघड्याच ठेवा आणि मास्कच्या आत वास यायला लागला की बाहेर येऊन कार्ट्रिज बदला.

ग्रॅनाइट-टाइल्स कापणारी पोरं तोंडाला नुसता रुमाल बांधून बसलेली पाहिली की जीव तुटतो. दगडातल्या सिलिकाच्या बारीक धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. कंत्राटदार देत नसेल तर आपण घरमालकांनी त्यांना एन-९५ किंवा एफएफपी-२ (एन-९५सारखाच युरोपीय दर्जाचा मास्क) द्यावा, आणि कापताना पात्यावर पाणी सोडायला सांगावं. धूळ मुळात उडालीच नाही तर उत्तम.

घरात टीबीचा पेशंट असेल तर पेशंटला साधा सर्जिकल आणि शुश्रूषा करणाऱ्याला एन-९५. पेशंटला व्हॉल्व्हवाला मास्क अजिबात देऊ नका, त्याचा उच्छ्वास न गाळताच बाहेर पडतो.

आणि मास्क चेहऱ्याला घट्ट बसायला हवा. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा लागली तर वरून फट आहे. दाढी असेल तर कडेने फट राहतेच, अशा कामाआधी ती काढावी.