नावाहो की दिने : मराठी लेखात कोणते नाव वापरावे?

प्रश्न

अमेरिकेच्या नैऋत्य भागातील मूलनिवासी समाजांवर मी एक दीर्घ लेख लिहीत आहे. मराठीत कोणी ‘नवाजो’ लिहितात, कोणी ‘नावाहो’, तर त्या समाजातील अनेकजण स्वतःला ‘दिने’ म्हणवतात. यांपैकी कोणते रूप योग्य मानावे, आणि ‘नावाहो’ हे बाहेरच्यांनी दिलेले नाव असल्यामुळे ते टाळणे आवश्यक आहे का? त्यांच्या भाषेविषयी माझी माहिती दुसऱ्या महायुद्धातील सांकेतिक संदेशांपुरतीच आहे. त्याविषयीही जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

उत्तर १

‘नवाजो’ हे केवळ रोमन अक्षरांवरून केलेले वाचन आहे, ते सोडून द्यावे. स्पॅनिश लेखनातील ‘j’ या अक्षराचा उच्चार ‘ह’च्या जवळ जातो, म्हणून ‘नावाहो’. मात्र हा शब्द मुळात स्पॅनिशही नाही. शेजारच्या तेवा भाषक पुएब्लो लोकांचा, विस्तीर्ण शेतांचा निर्देश करणारा शब्द स्पॅनिशांनी उचलला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि सतराव्या शतकातील स्पॅनिश कागदपत्रांत ‘नावाहोचे अपाचे’ असा उल्लेख येऊ लागतो. अपाचे लोकांशी घातलेली ही सांगड अगदीच निराधार नव्हती, कारण दोघांच्या भाषा अथाबास्कन कुळातल्या आणि एकमेकींच्या निकटच्या आहेत. त्या कुळातील इतर बहुतेक भाषा मात्र दूर उत्तरेला, अलास्कात आणि वायव्य कॅनडात बोलल्या जातात. ‘दिने’ म्हणजे ‘लोक’, आणि भाषेचे त्यांचे स्वतःचे नाव ‘दिने बिझाद’. माझ्या मते लेखात ‘दिने’च वापरावे.

उत्तर २

उच्चाराबाबत सहमत आहे, निष्कर्षाबाबत नाही. ‘नावाहो’ हे नाव बाहेरून आले हे खरे, परंतु त्या समाजाचा कायदेशीर इतिहास त्याच नावाने नोंदला गेला आहे. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने शेते आणि पीचच्या बागा उद्ध्वस्त करून आठ हजारांहून अधिक लोकांना शेकडो मैल पायी चालवत न्यू मेक्सिकोतील बॉस्के रेदोंदो येथे डांबले. तेथे उपासमार आणि रोगराईने अनेकांचा बळी घेतल्यानंतर १ जून १८६८ रोजी करार झाला आणि त्यांना मायभूमीच्या एका भागात परतता आले. तो करार ‘नावाहो’ याच नावाने झालेला आहे. पुढे १९६९ मध्ये त्यांच्याच शासन-परिषदेने आपल्या स्वशासित प्रदेशासाठी ‘नावाहो नेशन’ हे नाव अधिकृत केले. ‘दिने नेशन’ असे नामांतर करण्याचा प्रस्ताव १९९४ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये आला, आणि दोन्ही वेळा परिषदेने तो फेटाळला. ज्यांचे नाव आहे त्यांनीच ते ठेवले असताना आपण ते अवमानकारक ठरवणे मला उतावीळपणाचे वाटते. शासन, करार, सीमा यांविषयी लिहिताना ‘नावाहो’ आणि संस्कृती, कुळे, भाषा यांविषयी लिहिताना ‘दिने’ अशी विभागणी करता येईल. पहिल्याच परिच्छेदात दोन्ही नावांचा संबंध स्पष्ट करावा, म्हणजे वाचकाचा गोंधळ होणार नाही.

उत्तर ३

भाषेविषयी थोडे. महायुद्धातला संकेत म्हणजे नुसती नावाहो भाषा नव्हे. १९४२ मध्ये अमेरिकी मरीन दलातील पहिल्या २९ नावाहो जवानांनी त्या भाषेतले शब्द घेऊन वेगळी सांकेतिक शब्दावली रचली : रणगाड्यासाठी कासव, हातबॉम्बसाठी बटाटा, पाणबुडीसाठी लोखंडी मासा. त्यामुळे जपान्यांनी पकडलेल्या एका नावाहो सैनिकालाही त्या संदेशांचा अर्थ लावता आला नाही. ही माहिती १९६८ पर्यंत गोपनीय होती. युद्धकथेच्या ओघात अनेक लेखक हा भेद विसरतात.

या भाषेचे खरे वैभव क्रियापदात आहे. एखादी वस्तू देणे, उचलणे किंवा नेणे यासाठी एकच क्रियापद चालत नाही. वस्तूचा आकार आणि पोत पाहून धातू निवडावा लागतो. कागदाचा सुटा ताव, काठी, लोकरीचा पुंजका, पाण्याने भरलेला पेला, चिखल आणि तान्हे मूल या प्रत्येकासाठी निराळा धातू येतो, आणि त्याला कर्ता, काळ, क्रियेची रीत दाखवणारे उपसर्ग ठरावीक क्रमाने जोडले जातात. परिणामी आपल्या पूर्ण वाक्याचा आशय तिथे पुष्कळदा एकट्या क्रियापदात मावतो. स्वरांची उच्चनीचता आणि अनुनासिकता यांनीही अर्थ बदलतो, म्हणून देवनागरीतले कोणतेही लेखन अपुरेच राहणार.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. दोन्ही नावे वापरण्याची सूचना स्वीकारतो. आज ही भाषा कितपत बोलली जाते?

उत्तर ३

बोलणाऱ्यांची संख्या दीड लाखाच्या वर सांगितली जाते, आणि अमेरिकेतील मूलनिवासी भाषांत ही संख्या मोठी आहे. तरीही निवासी शाळांत मातृभाषा बोलल्याबद्दल मुलांना पिढ्यानपिढ्या शिक्षा झाल्या, आणि आज तरुणांमधील भाषकांचे प्रमाण घटते आहे. हा ताण राजकारणातही उमटला. नावाहो नेशनच्या २०१४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत एक उमेदवार नावाहो भाषेवरील प्रभुत्वाच्या अटीमुळे अपात्र ठरला; पुढच्याच वर्षी मतदारांनी कौल देऊन ती अट शिथिल केली, आणि उमेदवाराला भाषा पुरेशी येते की नाही हे ठरवण्याचा अधिकार मतदारांकडेच आला.