बेसिनजवळ प्लग पॉइंट घ्यावा का? आईबाबांच्या बाथरूमसाठी सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

साताऱ्याच्या घरातली बाथरूम दुरुस्तीला काढली आहे. जुन्या टाइल्स निघाल्यात, नव्या पुढच्या आठवड्यात बसतील. वायरिंगसाठी भिंतीत झिरी पाडायची तर आताच. मी पुण्यात, तिथे आईबाबा दोघंच.

बाथरूम ५ बाय ७ फूट. दाराशी बेसिन, समोरच्या भिंतीला शॉवर. बाबांचा हात थरथरतो म्हणून त्यांनी ब्लेड सोडलं, आता वायरचं ट्रिमर वापरतात. त्यांच्यासाठी आरशाशेजारी, बेसिनच्या कडेपासून वीतभर अंतरावर पॉइंट काढतो, असं वायरमन म्हणतो. "अर्थिंग आहे, काही होत नाही," हे त्याचं उत्तर.

मला ते पटत नाही. दिवाळीत गिझर चालू असताना आईच्या हाताला नळातून झिणझिण्या आल्या होत्या. तिने ते मला सांगितलं दोन महिन्यांनी! तोवर रबरी चप्पल घालून आंघोळ करत होती. नंतर गिझरचं एलिमेंट बदललं आणि झिणझिण्या थांबल्या, पण अर्थिंग मोजलं कुणीच नाही. ते धड असतं तर गळणारा करंट नळापर्यंत आलाच नसता, असं मला वाटतं.

दादा न्यू जर्सीला असतो. त्याच्याकडे बेसिनपासून ३ फुटांच्या आत पॉइंट असावाच लागतो, त्यामुळे तो म्हणतो बिनधास्त घे. पण तिथे १२० व्होल्ट, शिवाय सुमारे ५ मिलिअँपिअर गळतीला तोडणारं संरक्षण त्या पॉइंटला सक्तीचं. आपल्याकडे २३० व्होल्ट, आणि आमच्या मेन बोर्डातल्या आरसीसीबीवर (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) १०० मिलिअँपिअर छापलंय. तेवढ्यावर भागेल का? पॉइंट नेमका कुठे घेऊ?

प्रतिसाद १:
१०० वर माणसाचा जीव सोडू नका. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा लागतो. बाथरूमचा पॉइंट आणि गिझर दोन्ही त्याच्यामागे घ्या. आणि ट्रिमर दोन पिनचं असतं, त्याला अर्थची पिनच नाही. ते पाण्यात पडलं तर तुमच्या वायरमनचं अर्थिंग काय करणार? तिथे आरसीसीबीच कामाला येतो. मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी हाताला लागले तर तोही ओळखत नाही, म्हणून अंतर हवंच. बेसिनच्या कडेपासून निदान ६० सेंटीमीटर बाजूला, शॉवरपासून त्याहून बरंच लांब. बेसिनच्या वर किंवा खाली नकोच. ५ बाय ७ मध्ये अशी कोरडी जागा मिळणं अवघड. मी असतो तर पॉइंट दाराबाहेर घेतला असता.

प्रतिसाद २:
गिझरचं बटणही बाहेरच काढा. आरसीसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबत जा. पण ते दाबून आरसीसीबी पडला म्हणजे अर्थिंग चांगलं, असं नाही. अर्थिंग मीटर लावून वेगळं मोजून घ्या, टाइल्स बसायच्या आधीच.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. आत्ताच बाबांशी बोललो. पॉइंट दाराबाहेर, त्याच भिंतीवर दुसरा आरसा आणि बाबांना टेकायला एक स्टूल, असं ठरवतोय. गिझर मात्र अर्थिंग मोजून होईपर्यंत बंद. आईला बंबावर पाणी तापवायला सांगितलंय. आता एकच अडचण आहे: साताऱ्यात अर्थिंग मोजायचा मीटर घेऊन घरी येणारा माणूस कुणाच्या ओळखीचा आहे का? शनिवारी मी स्वतः तिथे असेन.