अलार्म सक्तीचा कशाला? आधी गिझर मोरीबाहेर काढा

जुळे सोलापूरकर:
काल इथं एकांनी मागणी केली, शहरातल्या घराघरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा करा आणि महापालिकेनं तो फुकट वाटावा. अहो, हिशेब तरी करा. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांचं होतं. घरटी पाच माणसं धरली तरी १ लाख ९० हजार घरं. यंत्र दोन हजारांचं धरा, ३८ कोटी झाले. आतला सेन्सर पाच ते दहा वर्षांत संपतो, म्हणजे पुन्हा तेवढेच. हा वायू आभाळातून पडत नाही, जळण अर्धवट जळलं की होतो. आपल्याकडं तो जीव घेतो मुख्यतः मोरीतल्या गॅस गिझरनं. तो बाहेरच्या भिंतीवर लावा, गरम पाण्याचा पाइप तेवढा आत घ्या. खर्च प्लंबरच्या एका दिवसाचा. हॉलमध्ये वाजणारा अलार्म कडी लावून आत पडलेल्या माणसाला काय वाचवणार?

अशोक चौक:
भाऊ, माझ्या बहिणीची पोरगी अशीच आत पडली होती. जानेवारी महिना, गार वारं येतं म्हणून झरोक्याला थर्माकोल ठोकलेला. चार बाय पाचची मोरी. बादली भरून दाराखालून पाणी हॉलमध्ये आलं तेव्हा आम्हाला कळलं. कडी तोडून काढली, ऑक्सिजनवर ठेवली, वाचली. त्याआधी दोन आठवडे ती रोज म्हणायची, 'मावशी, आंघोळ केली की डोकं ठणकतं, मळमळतं.' आम्ही पित्त म्हणून आलेपाक देत होतो. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घालतात, या वायूला वासच नाही. यंत्र असतं तर पहिल्याच दिवशी ओरडलं असतं. तुमचे ३८ कोटी माझ्या डोळ्यांपुढं येतच नाहीत.

कन्ना चौक:
३८ कोटी असतील तर आधी पाणी द्या! चार-चार दिवस नळ कोरडा. उजनी धरण भरलेलं आणि आमच्या घरात घागरी रिकाम्या.

जुळे सोलापूरकर:
विषय काय, तुमचं काय चाललंय बे? पाण्याचा वेगळा धागा काढा.

कन्ना चौक:
बे-बे करू नका, वयानं मोठा आहे मी. आणि संबंध आहे. पाणी येतं रात्री दोनला, नाहीतर पहाटे. त्या दिवशी घरातली सहा माणसं एकापाठोपाठ एक आंघोळ उरकतात. गिझर तासभर सलग पेटलेला, मोरी वाफेनं भरलेली, शेवटी आत जाते ती घरची बाई. रोज वेळेवर पाणी आलं तर अशी रांग लागेल का? उजनीहून येणाऱ्या समांतर जलवाहिनीचं ऐकून ऐकून माझे केस पिकले.

विडी घरकुल:
काका बरोबर बोलतायत. आमच्याकडं तर गिझरच नाही, चूल आहे. सिलिंडर आहे, पण दर महिन्याला भरायला परवडत नाही. हजार विड्या वळून हातात काय पडतं ते इथल्या किती जणांना माहीत आहे? चुलीजवळ तुमचं यंत्र रोज वाजेल, मग आम्ही सेल काढून ठेवणार.

जुळे सोलापूरकर:
काका, शब्द मागं घेतो. रांगेचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण पाणी येईपर्यंत गिझर आतच ठेवायचा का?

लष्कर, भाडेकरू:
बाहेर काढा म्हणणं सोपं आहे. भिंत मालकाची. भोक पाडू का विचारलं तर म्हणाले, घर सोडा. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात, स्वयंपाकाची शेगडी सोडून गॅसवरचं कायमचं बसवलेलं उपकरण ज्या खोलीत असेल तिथं अलार्म लावायची जबाबदारी मालकाची. सरकारी तिजोरीतून वाटप नाही. असा नियम इथं का नको? आणखी एक, दुकानात गॅसगळतीचं यंत्र हाच अलार्म म्हणून गळ्यात मारतात. मीही तसंच घेऊन आलो होतो. ते सिलिंडरच्या गॅससाठी, हा वायू त्याला कळत नाही.

जुळे सोलापूरकर:
तिथली घरं थंडीमुळं बंद असतात, आपली उघडी. तरी भाड्याचं घर, गिझर आत आणि खर्च मालकाचा, एवढ्यापुरतं मान्य. सगळ्या शहराला सक्ती मला अजूनही पटत नाही. ताई, तुमच्या पोरीचं वाचून झरोका बघून आलो. आमच्याही झरोक्यावर पुठ्ठा होता, काढला.

अशोक चौक:
पुठ्ठा काढलात, बरं केलंत. बहिणीच्या घरमालकाला गिझर हलवा म्हणून सांगून वर्ष झालं, अजून आतच आहे. पोरगी शेगडीवर पाणी तापवून घेते आणि दाराला कडी लावत नाही. मी बाहेर खुर्ची टाकून बसते.