नऊ वर्षांच्या मुलाला नवा, गडद ही-मॅन दाखवावा का? सल्ला हवा आहे

पाचपाखाडीकर:
नमस्कार. १९८३ सालची, ही-मॅन या महाबली नायकाची ॲनिमेशन मालिका मी लहानपणी चरईतल्या आमच्या जुन्या घरी दूरदर्शनवर पाहिली. शेजारची मुले उंबऱ्यापर्यंत दाटीवाटीने बसत आणि भाग संपल्यावर पात्रे समोर येऊन बोध सांगत, तेव्हा बाबा मागून "ऐकलंस ना?" असे विचारत. माझ्या मुलाला, तो चौथीत आहे, त्याच जुन्या भागांचे सध्या वेड लागले आहे आणि आता त्याला केव्हिन स्मिथ यांनी केलेली, जुन्या मालिकेचे कथानक पुढे नेणारी 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स: रेव्हलेशन' ही २०२१ सालची मालिका नेटफ्लिक्सवर पाहायची आहे.

माझी अडचण अशी आहे की, तीन महिन्यांपूर्वी बाबा गेले. त्यांचा आजार बरेच दिवस चालला होता, पण तो आम्ही मुलापासून लपवला आणि "आजोबा तपासणीला गेले आहेत" एवढेच सांगत राहिलो. तो अजूनही जेवताना त्यांच्या खुर्चीवर कोणाला बसू देत नाही. या मालिकेत मृत्यू आहेत, असे ऐकून आहे. ज्यांनी ती पाहिली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. कथानक उघड झाले तरी चालेल.

नेरूळवासी:
माझे मत, इतक्यात दाखवू नये. जुन्या मालिकेचे १३० भाग आहेत; ते सावकाश पाहू द्या. नवेच हवे असेल, तर २०२१ मध्येच आलेली, खास मुलांसाठी केलेली त्रिमितीय ॲनिमेशनची २६ भागांची मालिका आहे, ती त्याच्या वयाला योग्य ठरेल. 'रेव्हलेशन' आपल्या पिढीसाठी आहे.

वाशीतील एक पालक:
मी माझ्या मुलीबरोबर ही मालिका दोनदा पाहिली आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्याच भागात राजपुत्र ॲडम, म्हणजेच ही-मॅन, आणि त्याचा शत्रू स्केलेटॉर दोघेही मरतात, आणि त्या क्षणी राजवाड्यातली योद्धा टीला हिला कळते की, लहानपणापासूनचा आपला मित्र हाच ही-मॅन होता. जुन्या मालिकेच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला सांगितले जाई की, हे गुपित फक्त तिघांना ठाऊक आहे: जादूगारीण, मॅन-ॲट-आर्म्स आणि ऑर्को. त्या वयात आपल्याला त्या गुपिताची गंमत वाटे, कारण ते आपल्यालाही ठाऊक असे. नव्या मालिकेने तेच गुपित टीलाच्या बाजूने पाहिले आहे. तिला वाढवणाऱ्या वडिलांनी, मॅन-ॲट-आर्म्सनेच, तिच्यापासून ते लपवले, आणि म्हणून ती मित्राच्या मृत्यूने जितकी खचते, तितकीच या लपवाछपवीने दुखावते आणि राजवाडा सोडून निघून जाते. माझ्या लेखी ही मालिका गडद आहे ती याच कारणाने. तिच्यातल्या मारामाऱ्यांची मला तेवढी काळजी वाटत नाही.

आपण आजाराबद्दल लिहिले आहे, म्हणून मोकळेपणाने सांगतो. आपल्या मुलाला टीलाचा राग लगेच समजेल. तो भाग दाखवण्याआधी आजोबांच्या आजाराबद्दल त्याच्याशी बोलून घ्या. टीलाच्या तोंडून त्याला स्वतःचा प्रश्न सापडावा आणि आपल्याजवळ उत्तर तयार नसावे, असे होऊ देऊ नका.

पुढे चौथ्या भागात मृतांच्या प्रदेशात ऑर्को सोबत्यांना वाचवण्यासाठी एकटा मागे थांबतो आणि प्राण गमावतो. ज्या पात्राच्या फसलेल्या जादूवर मुले हसतात, त्याचाच हा शेवट असल्याने माझी मुलगी इथे रडली. ऑर्को दुसऱ्या खंडात परततो, हे मी तिला त्याच रात्री सांगून टाकले. पण आपल्या घरी हे सांगताना जपावे लागेल, कारण आजोबांबद्दल तशी आशा त्याच्या मनात जागायला नको. पाचव्या भागाच्या शेवटी स्केलेटॉर ॲडमच्या शरीरात तलवार खुपसतो. तिथे पहिला खंड संपतो, म्हणून सहावा भाग लगेच लावायची तयारी ठेवा. एकूण भाग १० आहेत.

याचे पुढचे पर्व, २०२४ सालचे पाच भागांचे 'रेव्होल्यूशन', मात्र या वर्षी टाळा. त्याची सुरुवातच ॲडमचे वडील, राजा रँडॉर, यांच्या मृत्यूने होते.

नेरूळवासी:
आजाराचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. बोलून झाल्यावर, शेजारी बसून दाखवण्यास माझी हरकत नाही.

पाचपाखाडीकर:
दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारताना मी त्याला सगळे सांगितले: रुग्णालयातले दिवस, आजोबांची रोजची चौकशी, आणि "त्याला इथे आणू नका" असे ते स्वतःच म्हणाले होते, हेही. तो बराच वेळ कठड्याला धरून पाण्याकडे पाहत राहिला आणि मग, "पण मी आलो असतो," एवढेच म्हणाला. मी त्याची क्षमा मागितली.

काल पहिला भाग एकत्र पाहिला. टीला चिडून निघते, तिथे त्याने रिमोट घेऊन चित्र थांबवले आणि "हिच्या बाबांनी तिला सॉरी म्हटलं का?" असे विचारले. पुढचे भाग पाहून कळेल, असे मी सांगितले. दुसरा भाग रविवारी लावू. तो आणि चौथा, दोन्ही मी आधी एकटा पाहून घेणार आहे.