अंगावरचा देव: गोंदणापासून टॅटूपर्यंत, तुमचे अनुभव

लेकीने मनगटावर ॐ काढून घेतला आणि घरात दोन तट पडले. सगळ्यात जास्त विरोध सासूबाईंचा, ज्यांच्या स्वतःच्या हातावर तुळस आहे! म्हणे, "आमचं गोंदण होतं, हे फ्याड आहे." तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या अंगावर देवाधर्माचं काही असेल तर लिहा.

माणदेशी
आजीच्या हातावर तुळशीवृंदावन होतं. गोंदणारीण दारात यायची, पसाभर जोंधळे घ्यायची. तीन-चार सुया एकत्र बांधलेल्या, रंग काजळीचा. आजी नऊ वर्षांची होती, दोघींनी धरून बसवलेलं. मी विचारलं, कशाला सोसलंस? म्हणाली, "सोनं पोरं काढून घेत्यात. ह्ये संगं येतं." दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात सलाईनला शीर मिळेना, ती नेमकी तुळशीखाली सापडली. नर्सबाई सुई टोचायच्या आधी क्षणभर थबकल्या होत्या.

एक_उमेदवार
जत्रेत दीडशे रुपयांत दंडावर त्रिशूळ काढला. सैन्यभरतीच्या मेडिकलला बाद. कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू, एवढ्याच जागी टॅटू चालतो. परंपरेने गोंदवणाऱ्या आदिवासींना सवलत आहे. नियम आधी वाचला नाही, चूक माझीच. वर रक्तदानालाही वर्षभर नकार.

पुणे३०
पोटरीवर गणपती हवा होता. टॅटूवाल्यानेच हात जोडले, "कमरेखाली देव काढत नाही." दंडावर काढला. आई तरीही बोललीच.

रायपूरवासी
इकडे छत्तीसगडात रामनामी समाज आहे. 1890च्या दशकात चारपारा गावच्या परशुराम यांच्यापासून सुरुवात झाली असं सांगतात. अस्पृश्य म्हणून देवळात घेत नव्हते, तर या लोकांनी रामनाम अंगावरच लिहिलं. कुणाच्या कपाळावर, कुणाच्या नखशिखांत 'राम राम'. त्यांचा राम निर्गुण, मूर्ती नाही. भजनमेळ्यात एका आजोबांच्या शेजारी बसलो होतो, पापण्यांवरही अक्षरं. नातू मात्र कोऱ्या अंगाचा. शहरात नोकरीला लोक बघत राहतात, म्हणाला. आपल्याकडचं गोंदण हौसेचं, नवसाचं. हे भांडण आहे, सुईने मांडलेलं.

मेलबर्नकर
दंडावर 'ॐ नमः शिवाय' काढून घेतलं. कारागिराला देवनागरीचा गंध नाही, विसर्ग गाळला. चार महिने 'नम शिवाय' घेऊन हिंडलो, कुणाच्या लक्षात आलं नाही. बाबांनी व्हिडिओ कॉलवर दोन सेकंदांत पकडलं. परत गेलो, दोन ठिपक्यांचे वेगळे पैसे पडले.