इंदूर: भावाला दिवाळखोरीचा अर्ज करायचाय, सल्ला हवा

सुदामानगरची_लेक:
धाकट्या भावाचं सीतलामाता बाजारातलं साड्यांचं दुकान बंद पडलं. पर्सनल लोन, क्रेडिट कार्डं आणि एका व्यापाऱ्याची उधारी मिळून देणं १८ लाखांच्या घरात गेलंय. दुकान आणि कर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर, राहतं घर आईच्या. तो म्हणतो, दिवाळखोरी जाहीर करून मोकळा होतो. असं होतं का? घर जाईल? अटक होईल? घरात कुणाचा डोळा लागत नाहीये.

कोर्टातला_माणूस:
ताई, आधी घराचं. आई जामीन किंवा सहकर्जदार नसेल आणि घर गहाण नसेल, तर भावाच्या कर्जासाठी ते घेता येत नाही. तिची सही कुठे कुठे आहे ते आजच बघा.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू आहे. भावासाठी १९२० चाच प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदा, आणि अर्ज जिल्हा न्यायालयात. अर्जासाठी देणं किमान ५०० रुपये हवं, तेव्हा ती अट आडवी येत नाही. अवघड आहे ते पुढचं. मालमत्ता कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते, कर्जमुक्तीचा अर्ज वेगळा करावा लागतो आणि कोर्ट तो फेटाळूही शकतं. सरकारी देणी आणि फसवणुकीतून झालेलं कर्ज तर त्यानंतरही सुटत नाही. म्हणून हा रस्ता मी शेवटचा धरतो.

ऐपतच नाही म्हणून दिवाणी कर्जात तुरुंग होत नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच हे सांगितलंय. पैसे असून दडवले तर गोष्ट वेगळी. चेक दिलेत का कुणाला?

सुदामानगरची_लेक:
हो, व्यापाऱ्याला दोन. अजून टाकले नाहीत त्याने. आणि भावाचा एक छोटा प्लॉट आहे, तो वहिनीच्या नावे करायचं घाटतंय.

कोर्टातला_माणूस:
प्लॉटचं आधी थांबवा, हात जोडून सांगतो. हस्तांतरानंतर दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला, तर असा व्यवहार रद्द होऊ शकतो. वर लबाडीचा शिक्का बसतो आणि कर्जमुक्ती मागताना तोच नडतो.

चेक परत गेला तर चेकच्या कायद्यातल्या कलम १३८ चं प्रकरण फौजदारी, ते नादारीच्या अर्जाने मिटत नाही. नोटीस हाती पडल्यापासून १५ दिवसांत रक्कम द्यावी लागते. व्यापाऱ्याला आत्ताच भेटा, हप्ते ठरवा, लेखी घ्या.

निवृत्त_बँकवाला:
बँकांशी एकरकमी तडजोडीचं बोला. पत्र हातात आल्याशिवाय रुपया भरू नका, भरल्यावर ‘नो ड्यूज’, म्हणजे काही देणं उरलं नाही असं पत्र घ्या. सिबिलवर ‘सेटल्ड’ राहील आणि पुढचं कर्ज काही वर्षं अवघड जाईल, तरी आज ते चालेल. लोक अदालतीत झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. फुकट वकिलासाठी जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात विचारा, उत्पन्नाच्या अटीत भाऊ बसू शकेल.

वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. करत असतील तर बँकेकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

सुदामानगरची_लेक:
मग प्लॉट विकून तडजोड केली तर चालेल?

कोर्टातला_माणूस:
चालेल. बाजारभावाने, नात्याबाहेरच्या माणसाला, पैसे बँकेतूनच. मात्र ज्यांचं देणं आहे त्यांतल्या एकालाच सगळी रक्कम देऊन बाकीच्यांना कोरडं ठेवू नका. पुढे तीन महिन्यांत अर्ज करायची वेळ आली तर ते देणंही उलटवलं जाऊ शकतं. विक्रीआधी सगळ्या देण्यांची यादी घेऊन वकिलाला भेटा.