पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाचा दाह): पहिल्या रात्रीच्या रक्तावरून भाकीत करायचं कशाला?

घाटपायथा (तालुक्याच्या गावी फिजिशियन, १८ खाटा)

शनिवारी रात्री साडेअकराला एक ट्रॅक्टरवाला आला. वय ३८. आडवा व्हायला तयार नाही, उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसलेला. कळ पोटातून थेट पाठीत. आदल्या रात्री हळदीची पार्टी झालेली, बाकी काही विचारायची गरज नव्हती. रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य) आलं २,१४०. मेव्हण्याने रिपोर्ट मोबाइलच्या उजेडात धरला नि म्हणाला, "डॉक्टर, नॉर्मल १६० लिहिलंय. म्हणजे तेरापट सिरियस का?"

नाही. लायपेज, किंवा त्याच जातीचं अमायलेज, नॉर्मलच्या तिपटीवर गेलं की निदानाला मदत झाली, तिथे त्यांचं काम संपलं. पाचशेवाला व्हेंटिलेटरवर जातो आणि तीन हजारवाला चौथ्या दिवशी वरणभात खाऊन घरी जातो. आजार किती चिघळणार हे त्या आकड्यात नसतं.

आता माझं मत, ज्यावर भांडण व्हावं म्हणून हा धागा काढलाय. पहिल्याच रात्री सीआरपी (दाहात वाढणारं प्रथिन), प्रोकॅल्सिटोनिन (जंतुसंसर्गाची खूण), एलडीएच (पेशी मेल्याची खूण) असा अख्खा संच काढणं म्हणजे नातेवाइकांच्या खिशाला चाट. सीआरपी यकृतात तयार होतं, नीट चढायला त्याला दीड-दोन दिवस लागतात. १५० मिलिग्रॅम प्रति लिटर हा जो उंबरठा सगळे सांगतात तो ४८ तासांचा आहे. ४८ तासांनी कळून मी काय करू? बैल गेला नि झोपा केला. मी बघतो पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के), आणि मूत्रपिंडासाठी युरिया आणि क्रिएटिनिन. आल्यावर, मग १२ तासांनी, मग २४. सलाइन चालू असताना पीसीव्ही खाली यायला पाहिजे. ४४ च्या वर असून तिथेच अडून बसला आणि युरिया वर चालला, तर रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतंय. या तिन्ही तपासण्या आमच्या गल्लीतल्या लॅबमध्ये रात्री दोनलाही होतात.

तिसरा मजला आयसीयू

सर, अर्ध्याशी सहमत. पण झोप्याचं उदाहरण इथे बसत नाही. बैल ४८ तासांत जातो असं तुम्ही धरून चाललात. हा आजार दोन टप्प्यांत मारतो. पहिल्या आठवड्यात फुप्फुस-मूत्रपिंड बसतात, आणि त्यातून वाचलेल्याच्या मेलेल्या स्वादुपिंडात पुढच्या काही आठवड्यांत जंतू शिरतात. तिसऱ्या दिवशी पेशंट मोबाइल बघत बसलाय, कळ कमी आहे, घरचे डिस्चार्ज मागतायत आणि सीआरपी २६० आहे, अशा माणसाला मी घरी सोडत नाही. तिथे तो आकडा कामाला येतो. पहिल्या रात्री करू नका, ठीक. पण 'करूच नका' असा अर्थ घेऊन कुणी धागा बंद करेल, म्हणून लिहिलं.

दुसरं, माझ्याकडे तालुक्यातून येणारे निम्मे पेशंट उशिरा येतात. पीसीव्ही बघत बसलेलेही त्यात असतात.

मधली सून

मी डॉक्टर नाही. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना हाच आजार झाला होता, पित्ताशयातल्या खड्यामुळे. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. रोज सकाळी अमायलेज काढायचे. १,९००, १,१००, ६४०. दीर तो आकडा फॅमिली ग्रुपवर टाकायचे, खाली हात जोडलेल्यांची रांग. तिसऱ्या दिवशी आकडा ६४० होता नि सासरे दर दोन शब्दांनंतर थांबत होते. "पाणी... दे." मी सिस्टरना म्हटलं, दम लागतोय. त्या म्हणाल्या, ताई, रिपोर्ट चांगला येतोय. संध्याकाळी ऑक्सिजन लावला, रात्री दुसरीकडे हलवलं. वाचले, पण सात आठवडे गेले. तिन्ही दिवसांचं अमायलेज बिलात होतं. मला एवढंच विचारायचंय, ते रोज कशासाठी काढत होते?

घाटपायथा

ताई, सवयीने. दुसरं कारण नाही. अमायलेज चार-पाच दिवसांत आपसूक उतरतं, पेशंट बरा होवो न होवो. सिस्टरने त्या वेळी श्वास मोजायला हवा होता. मिनिटाला २० च्या वर श्वास, ९० च्या वर नाडी, ताप आणि पांढऱ्या पेशी, या चारांतली दोन लक्षणं ४८ तासांनंतरही टिकली तर ती वाईट खूण. त्यातल्या तीन गोष्टींना सुईसुद्धा लागत नाही.

सुईवाला (पॅथॉलॉजिस्ट, स्वतःची लॅब)

सगळे लॅबवर घसरायच्या आत दोन शब्द.

एक, युरिया. पेशंटला गुण देण्याची बायसॅप नावाची पद्धत २००८ साली आली. तिच्यात बीयूएन २५ च्या वर असेल तर एक गुण. बीयूएन म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. आपल्याकडे बऱ्याच लॅब सरळ युरिया छापतात. त्याला २.१४ ने भागायचं असतं. म्हणजे आपल्या रिपोर्टवर तो उंबरठा ५३-५४ चा झाला. युरिया ३० बघून गुण देणारे रेसिडेंट मी डोळ्यांनी पाहिलेत. सीआरपीचंही तेच. कुठे प्रति लिटर, कुठे प्रति डेसीलिटर. १५० आणि १५ एकच.

दोन, पीसीव्ही ४४. घाटपायथा साहेब, तुमच्या वॉर्डात येणाऱ्या बायकांचं हिमोग्लोबिन किती असतं? नऊ? तिचा रोजचा पीसीव्ही २८. ती ३६ वर आली म्हणजे रक्त चांगलंच आटलंय, आणि तुम्ही ४४ ची वाट बघताय.

तीन, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी. हजाराच्या वर गेलं की त्यानेच हा आजार होऊ शकतो. तसं रक्त नळीत उभं ठेवलं की सीरम दुधासारखं दिसतं, वर सायीचा थर. त्यात अमायलेज खोटं नॉर्मल येऊ शकतं, सोडियम खोटं कमी, हिमोग्लोबिन खोटं जास्त. कुणी हिमोग्लोबिनला तीनने गुणून पीसीव्ही काढत असेल (आहेत असे), तर संपलंच. असं सीरम दिसलं की मी स्वतः फोन करतो. फोन उचलत चला.

जाता जाता, सीबीसीमध्येच न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट (दोन्ही पांढऱ्या पेशीच) हे गुणोत्तर फुकट मिळतं. वाढलेलं असेल तर दाह जोरात. त्याकडे कुणी बघत नाही.

घाटपायथा

अॅनिमियाचा मुद्दा मान्य, बिनशर्त. म्हणूनच मी एका आकड्यापेक्षा फरकाला मानतो, पण ४४ चा उल्लेख करताना हे लिहायला हवं होतं. गुणोत्तर मात्र पटत नाही. प्रत्येक पेपरात उंबरठा वेगळा, आणि येण्याआधी कुणी स्टेरॉइड टोचलं असेल तर ते तसंही चढतं. आमच्याकडे गावात आधी एक 'गरम इंजेक्शन' घेऊनच लोक येतात.

लीड्सकर

इथे इंग्लंडात बसून एक आठवण. प्रोकॅल्सिटोनिनला सरसकट खिशाची चाट म्हणू नका. मँचेस्टरच्या टीमचा २०२२ चा प्रयोग आहे, २६० पेशंट. एका गटात अँटिबायोटिक द्यायचं की थांबवायचं हे प्रोकॅल्सिटोनिन बघून ठरवलं, दुसऱ्यात नेहमीसारखं. अँटिबायोटिक मिळालेले अनुक्रमे ४५ टक्के आणि ६३ टक्के, आणि म्हणून पहिल्या गटात इन्फेक्शन वाढलं असं झालं नाही. हा आजार सुरुवातीला जंतूंचा नसतोच. तरी ताप दिसला की मेरोपेनम (भारी अँटिबायोटिक) लटकवायची सवय इथेही आहे, तिथे तर विचारायलाच नको.

घाटपायथा

पण तो वेगळा प्रश्न झाला ना? आजार गंभीर होणार का, हे त्यांनी त्यावरून ठरवलंच नाही. शिवाय माझ्या गावातून नमुना शहरात जातो, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तोवर मेरोपेनमचे तीन डोस झालेले असतात.

जुना सर्जन

वाचतोय आणि हसतोय. १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सर्जन रॅन्सननी या आजाराची गंभीरता ओळखायचे ११ निकष दिले, पाच आल्याबरोबर आणि सहा ४८ तासांत. आम्ही ते पाठ करून परीक्षा पास झालो. मग गुण देण्याच्या आणखी पद्धती: ग्लासगो आला, अपाची आली, बायसॅप आला, आता गुणोत्तरं. सगळ्यांची अचूकता जेमतेम. ज्यांना आम्ही 'गंभीर होणार' म्हटलं त्यातले कितीतरी सुखरूप घरी गेले.

आणि भाकीत करून आपण वेगळं काय करणार होतो? सलाइन, वेदनाशामक, शक्य तितक्या लवकर तोंडाने अन्न. उलट भाकिताने नुकसान झालेलं मी पाहिलंय. 'पीसीव्ही जास्त, धो धो सलाइन द्या' हे वर्षानुवर्षं चाललं. २०२२ साली वॉटरफॉल नावाच्या प्रयोगात २४९ पेशंटमध्ये जोरात सलाइन आणि बेताचं सलाइन अशी तुलना केली. जोरातवाल्यांत अंगात पाणी साचलं २०.५ टक्क्यांना, बेताच्यात ६.३ टक्क्यांना. आजाराला फायदा काही नाही. प्रयोग मध्येच थांबवावा लागला. म्हणजे पीसीव्ही खाली आणायचा म्हणून ओतत राहिलात तर आकडा सुधारेल आणि फुप्फुसं भरतील.

तिसरा मजला आयसीयू

सर, सलाइनबद्दल शंभर टक्के. 'काय वेगळं करणार' याला मात्र उत्तर आहे: अँब्युलन्स. तुमच्या शहरात आयसीयू लिफ्टने दोन मजल्यांवर आहे. घाटपायथा साहेबांना घाट चढून ११० किलोमीटर यायचंय. माणूस ऑक्सिजनवर बोलता असताना निघाला तर पोहोचतो. श्वास अडकल्यावर निघाला तर रस्त्यात श्वासाची नळी टाकायची वेळ येते, आणि ती टाकणारा गाडीत असेलच असं नाही. जेमतेम अचूक भाकीत मला चालेल. उगाच पाठवलेले दोन मी हसत परत पाठवीन.

त्या ट्रॅक्टरवाल्याचं काय झालं ते सांगितलंच नाहीत.

घाटपायथा

रविवारी दुपारी बारापर्यंत पीसीव्ही ४९ वरून ४८. युरिया ३८ वरून ६१. (सुईवाले, २.१४ ने भागलंय: १८ वरून २८.५.) लघवी बारा तासांत जेमतेम २०० मिली, नाडी १२४, श्वास २८. लायपेज परत काढलं नाही, मेव्हणा त्यावर नाराज होता. अडीचला गाडी निघाली. तुमच्याच शहराकडे, कुठल्या मजल्यावर ते माहीत नाही.

तिसरा मजला आयसीयू

निघायच्या आधी सीआरपी?

घाटपायथा

नाही. तिकडे पोहोचल्यावर काढा म्हटलं. ४८ तास तिथेच पुरे होतील.